चित्रकथांचे संग्रह आणि आम्ही

आमच्या गिरगावातील बिऱ्हाडात पलंगाखाली एक खोके आहे. त्यात एकाच पुस्तकाच्या एकशे ऐंशी प्रती आहेत. पुस्तक आमच्या भाच्याचे व त्याच्या चार मित्रांचे. चित्रकलेचे शिक्षण संपवून पोटापाण्याला लागलेल्या या पाच जणांनी रात्री जागून आठ चित्रकथा रचल्या आणि पदरचे पैसे घालून त्यांच्या संग्रहाच्या तीनशे प्रती छापल्या. त्यांतल्या एकशे वीस गेल्या, त्याही बहुतेक आप्तेष्टांच्या भिडेने. भाच्याची जागा लहान, म्हणून उरलेल्या आमच्याकडे आल्या. केर काढताना खोके पुढे ओढावे लागते, आणि दर वेळी घरातून प्रश्न येतो, "याचे काय करायचे?" त्या प्रश्नाचा विचार करता करता जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हल्ली कोणी वाचीतच नाही, हे उत्तर सोपे खरे. परंतु ते आम्हांस पटत नाही. दिवाळीच्या आधी दादरला पुस्तकांच्या दुकानांवरून एक फेरी मारावी, म्हणजे वाचणारी माणसे अजून शिल्लक असल्याची खात्री पटते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मासिक मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दर वर्षी न चुकता वीसपंचवीस लेखकांचे लेखन एका बांधणीत विकत घेत आला आहे. दिवाळी अंक हा संग्रहच नव्हे काय? तेव्हा संग्रहाचे आम्हांस वावडे आहे, असे म्हणता येत नाही.

चित्रांचेही वावडे नाही. मधुकर पाटकरांनी 1951 साली सुरू केलेल्या 'आवाज'मधील खिडक्या उघडून पाहताना प्रौढ गृहस्थ इकडे तिकडे कोणी पाहत नाही ना, याची आधी खात्री करून घेत. 1960 साली दादरहून 'मार्मिक' निघाले, तेव्हा एक आख्खे साप्ताहिक व्यंगचित्रांच्या बळावर उभे राहू शकते, हेही मराठी वाचकाने पाहिले. मग संग्रह चालतो आणि चित्रे चालतात, तर चित्रांचाच संग्रह का चालू नये?

येथे आम्हांस आमच्या मामांची लालबागची चाळ आठवते. मामा गिरणीत होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे राहावयास जात असू. नाक्यावर एक रद्दीचे दुकान होते. दुकानदाराने दोरीवर 'इंद्रजाल कॉमिक्स'चे अंक वाळत घातलेल्या कपड्यांप्रमाणे टांगलेले असत आणि काही पैसे घेऊन ते दिवसभर भाड्याने देण्याची त्याची रीत होती. ही माला मुंबईतच 1964 साली सुरू झाली आणि 1990 साली बंद पडली. 1967 साली अनंत पै यांनी 'अमर चित्रकथा' सुरू केली. ती मात्र वडील स्वतः आणून देत. कारण तीत पुराण आणि इतिहास असल्यामुळे चित्रे पाहिल्याचा दोष लागत नसे!

आज विचार करता एक गोष्ट लक्षात येते. त्या दुकानदाराला आम्ही "नवा अंक आला का?" असे कधीच विचारले नाही. आम्ही विचारीत असू, "नवा वेताळ आला का?" अंकाशी आमची ओळख नव्हतीच; ओळख होती ती वेताळाशी. तो पुन्हा भेटणार हे ठाऊक असल्यामुळे पैसे आधीपासून जमवून ठेवीत असू. दिवाळी अंकाचेही असेच. त्यातील निम्मी नावे अपरिचित असली, तरी संपादक ओळखीचा असतो आणि येण्याची तिथी ठरलेली असते. भाच्याच्या संग्रहात मात्र आठ कथा, आठ नायक आणि पाच हात. एकाशी ओळख होते न होते तोच त्याचा निरोप घ्यावा लागतो. आणि पुस्तक मिटल्यावर पुन्हा भेट केव्हा, याचा काही ठावठिकाणा नसतो.

व्यवहाराच्या अडचणी वेगळ्याच. भाच्याबरोबर आम्ही दोनचार दुकाने फिरलो. एका सज्जन दुकानदाराने पुस्तक चाळून विचारले, "हे मुलांत ठेवू की मोठ्यांत?" भाच्याने "मोठ्यांत" म्हणताच त्यांनी ते कादंबऱ्यांच्या रांगेत उभे केले. कणा इतका बारीक की ते तेथे दिसेनासेच झाले. किंमत अडीचशे रुपये. कारण छपाई रंगीत, आणि प्रती थोड्या म्हणून दर प्रतीचा खर्च अधिक. दिवाळी अंकाला जाहिरातींचा आधार असतो, तो येथे नाही. आमच्यादेखत एका गृहस्थांनी उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत सर्व पुस्तक वाचून काढले, "छान आहे हो" असे म्हटले आणि ते जागेवर ठेवून दिले. त्यांना दोष कसा द्यावा? अडीचशे रुपयांत पंधरा मिनिटे, हा हिशेब मध्यमवर्गीयास परवडणारा नव्हे.

परंतु हा हिशेबच चुकीचा होता, हे आम्हांस फार उशिरा कळले. कबूल करण्यास लाज वाटते, पण प्रकाशनाच्या दिवशी आम्ही ज्या पुस्तकाची तोंडभरून स्तुती केली, ते आम्ही वाचलेच नव्हते. फुग्यांतील अक्षरांवरून नजर फिरविली होती, इतकेच. गेल्या पावसाळ्यात गाड्या बंद पडून घरी अडकलो, तेव्हा खोके उघडले. पाचवी कथा परळची आहे. तीत एकही शब्द नाही, म्हणून आम्ही ती प्रथम अर्ध्या मिनिटात उलटली होती. एक म्हातारा रोज त्याच रस्त्याने चालतो. चौकटीमागून चौकटीत गिरणीच्या चिमणीची सावली आखूड होत जाते, तिच्या जागी एका टोलेजंग इमारतीची सावली लांबत येते, आणि शेवटच्या चौकटीत म्हातारा त्या सावलीत डबा उघडून बसतो. 1982 च्या संपानंतर आमचे मामा असेच रोज डबा घेऊन घराबाहेर पडत. कोठे जात, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. भाच्याने मामांना पाहिलेलेही नाही. त्या सहा पानांपाशी आमचा पाऊण तास गेला.

इतर देशांतही असे संग्रह सुखाने जगले नाहीत. तथापि जे जगले, त्यांनी वाचकाशी पुन्हा भेटण्याचा करार केला होता. जपानात काटसुइची नागाई यांनी 1964 साली 'गारो' मासिक काढले, ते सानपेई शिरातो यांच्या एका दीर्घ चित्रमालिकेसाठी. तिच्या आश्रयाने कितीतरी नवखे चित्रकार पुढे आले. न्यूयॉर्कात आर्ट स्पीगलमन व फ्रान्स्वाज मूली यांनी 1980 साली 'रॉ' काढले. त्यात 'माउस' ही कथा छोट्या पुस्तिकेच्या रूपाने हप्त्याहप्त्याने येई. 1992 साली तिलाच पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. आपल्याकडे 2012 साली 'पाओ' आणि 2013 साली विश्वज्योति घोष यांनी संपादिलेला फाळणीवरील 'धिस साइड दॅट साइड' असे चांगले इंग्रजी संग्रह निघाले. परंतु असा एकेकटा ग्रंथ कितीही चांगला असला, तरी वाचकास सवय लावू शकत नाही. आणि सवयीवाचून वाचक टिकत नाही.

गेल्या आठवड्यात भाचा आला होता. दुसरा संग्रह काढावा की नाही, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, "काढ, पण लहान काढ, दर वर्षी त्याच दिवशी काढ, आणि त्या म्हाताऱ्याला पुन्हा आण." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही ती गोष्ट वाचलीत?" त्याच्या स्वरातील आश्चर्य आम्हांस चांगलेच झोंबले.

खोके आता पलंगाखाली नाही. ते बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येईल असे ठेवले आहे. जो अडखळेल त्याला एक प्रत विकावयाची, आणि पंधरा दिवसांनी "दुसऱ्यांदा वाचलीत का?" म्हणून विचारावयाचे, असा आमचा क्रम आहे. आजवर चार प्रती गेल्या. एकशे शहात्तर उरल्या आहेत.