पुठ्ठ्याचे देश

सहावीसाठी मी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतून देश कापले. इटली म्हणजे बूट, श्रीलंका म्हणजे थेंब, चिली म्हणजे लांबलचक मिरची (नावामुळे मुलं जास्तच खूश!). दोन दिवसांत वर्ग पटापट ओळखू लागला. मला वाटलं, जमलं की!

तिसऱ्या दिवशी इटली चुकून खालचं वर धरली गेली. वर्ग गप्प. म्हणजे मुलं बूट ओळखत होती, इटली नाही. चूक माझीच.

मग पुठ्ठे पिशवीत घातले. आत हात घालून, चाचपून ओळखायचं. वाचनात मागे असलेला एक मुलगा कधीच उत्तर देत नसे. मीही त्याला विचारणं सोडलं होतं, हे कबूल करते. त्यानं कडेवरून बोट फिरवलं.

"बाई, ह्याच्या दोन बाजू पट्टीनं आखल्यात."

बाहेर काढलं तर इजिप्त!

"पण देश असा असतोय व्हय? आमचा बांधसुद्धा एवढा सरळ नाही. ओढा आला की वळतो."

मी नकाशा उघडला. दक्षिणेची सीमा २२ अंश उत्तर अक्षवृत्तावर, ब्रिटन आणि इजिप्त यांच्या १८९९ च्या करारात ठरलेली. पश्चिमेची बरीचशी २५ अंश पूर्व रेखावृत्तावर. वाळवंटात मारलेल्या रेघा.

"तिथल्या माणसांना विचारलं होतं का?"

त्या तासाला पुढचा देश काही निघाला नाही.

आता नवे पुठ्ठे तोच नकाशाशी ताडून बघतो. परवा म्हणाला, "बाई, नॉर्वेचा किनारा कापायला तुम्ही कंटाळा केलाय."