मॉरिसची जन्मपत्रिका

जुनी मोटार दुरुस्त करणं वेगळं आणि जुनी मोटार ‘अस्सल’ करणं वेगळं. दुरुस्तीची गाडी चालू लागली की काम संपतं. अस्सल गाडी चालली नाही तरी चालतं. फक्त तिच्यातला एकही स्क्रू परक्या घराण्यातला असता कामा नये. हे ज्ञान मला आमच्या मेहुण्यांमुळे, म्हणजे आप्पांमुळे, झालं. निवृत्तीनंतर माणसं प्रवचनाला जातात, रंकाळ्यावर फिरतात. आप्पांनी वडिलांची १९५५ सालची मॉरिस मायनर परड्यातल्या शेडमधून ओढून काढली आणि शिवाजी उद्यमनगरात एका मेस्त्रींच्या दारात नेऊन उभी केली.

कोल्हापूरला मोटारींचं कौतुक नवीन नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, तेव्हा निम्मं गाव सोनं लुटायला आणि निम्मं गाडी बघायला येतं. पण ती जर्मन आणि राजघराण्यातली. मॉरिस म्हणजे आपल्यासारखीच मध्यमवर्गीय, फक्त इंग्रज.

यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींच्या या गावात लोखंडाचं म्हणाल ते करून मिळतं, आणि आप्पांची अडचण नेमकी तीच होती.

“ह्ये टाकू या की बदलून. कंपनीपेक्षा भारी करून देतो,” मेस्त्री म्हणायचे.

“कंपनीपेक्षा भारी नको. कंपनीनं जितकं वाईट केलं होतं, तितकंच पाहिजे.”

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पत्र्याकडे पाहिलं.

मग तज्ज्ञ जमू लागले. एकानं बॉनेट उघडून जाहीर केलं, “इंजिन ऑस्टिनचं आहे. कुणीतरी फसवलंय तुम्हांला.” आप्पांचं त्या रात्री जेवणात लक्ष नव्हतं. पुस्तकं पालथी घातल्यावर उलगडा झाला, की १९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन या दोन हाडवैरी घराण्यांचा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन नावाचा संसार सुरू झाला आणि त्यानंतर मायनरला ऑस्टिनचंच ८०३ सीसीचं इंजिन बसू लागलं. म्हणजे ऑस्टिनचं इंजिन हाच गाडीच्या अस्सलपणाचा पुरावा! स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध कसा, हा दुसरा आक्षेप. तो १९५४च्या ऑक्टोबरपासून तिथेच गेला होता. समोरची काच दोन तुकड्यांची, तीही बरोबर. १९५६नंतर ती एकसंध झाली. दोन दारांमधल्या खांबातून कानासारखा बाहेर येणारा वळणाचा हातही कंपनीचाच. तो डावीकडचा येत होता, उजवीकडचा रुसला होता.

मेस्त्रींना खरा आनंद झाला तो इसिगोनिसची गोष्ट ऐकून. मायनरचा हा जन्मदाता, पुढे मिनीही त्यानंच केली. मायनर १९४८ साली बाजारात यायची. पण शेवटच्या घटकेला त्याला गाडी अरुंद वाटली. त्यानं नमुन्याची गाडी उभी चिरली, दोन्ही भाग सरकवत सरकवत चार इंचांवर नजरेला बरं वाटलं, तिथं थांबला. बॉनेटच्या मधला उंच पट्टा ही त्याचीच खूण. बंपर आधीच तयार होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांना ते मधोमध कापून पट्टी जोडून लावले.

“म्हंजे त्यांनीबी आमच्यागतच जोड मारलाय,” मेस्त्री म्हणाले, आणि त्या दिवशी चहा त्यांनी सांगितला.

रंगावर मात्र घरात दोन तट पडले. आप्पांना करडा आठवत होता. त्यांच्या आई आक्का, वय नव्वदीच्या घरात, म्हणत होत्या, “हिरवा. शेवग्याच्या पाल्यासारखा.” पॉलिश पेपरखाली पांढरा, निळा, करडा असे थर निघाले. शेवटी गाडीची जन्मपत्रिका, म्हणजे नंबराची पट्टी, घासून वाचली. त्यातलं पहिलं अक्षर मॉडेलचं, दुसरं बॉडीचं, तिसरं रंगाचं, पुढचा आकडा गाडी कुठं पाठवायची त्याचा. इंग्लंडात गेडनच्या म्युझियममध्ये कारखान्याच्या जुन्या खातेवह्या आहेत, त्यांवरून पैसे भरून दाखलाही मिळतो. पण आमच्या पट्टीवर रंगाच्या जागी होता ‘एच’ आणि पुढे ‘पाच’. अर्थ असा, की गाडी सुट्या भागांत बोटीत चढली. रंग लावलेलाच नाही. तो इकडे, जोडणी झाल्यावर लागला. म्हणजे खुद्द कारखान्याला जे ठाऊक नव्हतं, ते आक्कांना ठाऊक होतं. वळणाच्या हाताच्या खोबणीत मेस्त्रींना शेवग्याचा हिरवा सापडला.

आता फक्त डॅशबोर्डावरची दोन भोकं उरली. कंपनीची नव्हेत. आप्पांचे वडील डॉक्टर. गगनबावड्याच्या बाजूला रात्री-अपरात्री व्हिजिटला जायचे. तिथं त्यांनी जोतिबाची छोटी तसबीर ठोकली होती. आप्पांनी वडिलांनी बसवलेला कॅरिअर काढला, जादा हॉर्न काढला, बॅग अडकवायचा हूकही काढला, आणि हे सगळं कसं पुस्तकाप्रमाणे.

“भोकं बुजवू न्हवं?” मेस्त्रींनी विचारलं. “लांबी भरून रंग मारला की कळायचंबी न्हाई.”

आप्पा “बघू” म्हणाले आणि दोन दिवस उद्यमनगराकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन गंजलेले स्क्रू; आक्कांच्या शिवणाच्या डब्यात इतकी वर्षं पडून होते.

मेस्त्रींनी ते उजेडात धरले. “आप्पासाहेब, ह्ये इंग्लंडचं न्हाईत. गाडीचंबी न्हाईत. लाकडाचं स्क्रू हाईत ह्ये.”

“तेच बसवा,” आप्पा म्हणाले.