कन्व्हर्टर मेला, पण मारला कोणी?

चामुंडीचा घाट म्हणजे काही खंबाटकी नव्हे. ज्या गाडीनं पुणे-सातारा करताना खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये काढली, तिला म्हैसूरच्या या टेकडीवर दुसराही जड जाऊ लागला. बंगळुरूच्या एक्स्प्रेसवेवर तर काटा ऐंशीच्या पुढं सरकेना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतंच ओरडायचं, वेग नाही. सिग्नलला थांबलं की सडक्या अंड्यांचा वास. शेवटी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला.

गाडी 2014 ची, पेट्रोलवर चालणारी, पुण्यात घेतलेली. बदलीनंतर एमएच 12 ची केए 09 झाली. बीएस-4 नियम एप्रिल 2010 मध्ये आधी मोजक्या शहरांत लागू झाले. त्या यादीत पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं आणि म्हैसूर नव्हतं, हे मी इथल्या मित्रांना अधूनमधून ऐकवतो. एप्रिल 2013 पासून नव्या गाड्यांत ओबीडी-2 आलं आणि एक्झॉस्टची सफाई नीट होते की नाही, यावर गाडीचा कॉम्प्युटरच नजर ठेवू लागला. दिवा त्यानंच लावला होता.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी 0420. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला सर, बदलावा लागेल,’ असं सांगून चाळीस हजारांच्या पुढचा आकडा माझ्या हातात ठेवला. परवडत नसेल तर कन्व्हर्टर काढून सरळ पाइप जोडू, ही वर सूट. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे फेरफार करू देत नाही आणि प्रदूषणाचा नियम मोडला तर कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगितल्यावर त्या माणसानं माझ्याकडं जरा दयेनंच पाहिलं.

पण माझी अडचण कायद्याची नव्हती. कन्व्हर्टरमध्ये फिरणारा, झिजणारा एकही भाग नसतो. स्टीलच्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची वीट असते आणि तिच्या बारीक नळ्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. हा थर तीनेकशे अंशांच्या आसपास तापला की कामाला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन करतो. अशी वस्तू सहसा आपणहून मरत नाही, तिला कुणीतरी मारतं. मग नवी बसवली तर तीही त्याच्याच तावडीत सापडणार.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं बन्नीमंटपकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव सुचवलं. त्यानं एस्टिमेट पाहिलं आणि बाजूला ठेवलं. ‘अब्बी पैसा नक्को डालो साब, पैले देखेंगे.’

आधी त्यानं सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबून धरलं आणि कुठं फुसफुस ऐकू येते का, ते कान लावून तपासलं. पाइपला भोक असेल तर बाहेरची हवा आत शिरते, मागचा सेन्सर फसतो आणि हाच कोड येतो; मग दोष असतो गॅस्केटचा आणि पैसे जातात कन्व्हर्टरचे. आमच्याकडं गळती नव्हती. मग दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख स्क्रीनवर शेजारी-शेजारी घेतले. कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सतत खालीवर व्हायला हवा, मागचा मात्र 0.6-0.7 च्या आसपास शांत. आमचा मागचा पुढच्याचीच नक्कल करत होता. म्हणजे डब्यातून जे आत जात होतं, तेच तसंच बाहेर पडत होतं.

एवढ्यानं कोडचा उलगडा झाला, घाटातल्या दमछाकीचा नाही. थर निकामी होणं वेगळं आणि वाट बुजणं वेगळं. त्यानं पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवला. अडीच हजार आरपीएमला दाब तीन पीएसआयच्या आत हवा. काटा सातावर गेला. रबरी हातोडीनं डब्यावर टिचकी मारली तर आत खुळखुळलं. वीट वितळून, फुटून वाटेत अडकली होती.

मग गुन्हेगाराचा शोध. कॉम्प्युटरच्या नोंदीत तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर सापडला. त्याची इग्निशन कॉइल बाहेर काढली तर तिला केसाएवढी चीर. ओल धरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच निसटायची. न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटायचं आणि आतलं तापमान हजार अंशांच्या वर चढायचं. दीड-दोन हजारांच्या कॉइलनं एवढा महाग भाग खाल्ला होता. इंजिन तेल पीत असेल तरी थर मरतो, तेलातला फॉस्फरस त्यावर बसतो. म्हणून त्यानं कॉम्प्रेशनही मोजून घेतलं. ते ठीक निघालं.

बदलण्याचं काम मात्र निव्वळ अंगमेहनतीचं. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवलं, तरी एक बोल्ट तुटलाच. नवी गॅस्केटं, नवी कॉइल, तिन्ही प्लग नवे. सेन्सर जुनेच, पण आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावून. कन्व्हर्टर बाहेरच्या बनावटीचा घेतला, कंपनीच्या निम्म्याहून कमी किमतीत. तो बीएस-4 साठीच बनवलेला आहे, हे मात्र आधी पाहून घेतलं. मग एमिशन सेंटर. बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के. आमचा आकडा 0.04 आला.

जुना डबा मी मागून घेतला, तेव्हा म्हातारा हसला. 2021 च्या मार्चमध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला तीस हजार डॉलरच्या जवळ गेला होता, सोन्याच्या पंधरा पटींहून जास्त. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या वाचल्या असतील, त्या या विटेच्या मातीसाठीच. फुटलेल्या विटेलाही भंगारात किंमत येते.

तेव्हा तुमच्या गाडीला पी 0420 दाखवून कुणी मोठा आकडा सांगितला, तर आधी दोन्ही सेन्सरचे आलेख दाखवायला सांगा, दाब मोजायला लावा आणि मिसफायरची नोंद विचारा. भाग बदलायचाच ठरला, तर जुन्या डब्याचे पैसे बिलातून वजा करून घ्या.