काठावर पास

जर्मनीतल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा खडकशास्त्रात मला ४.० मिळाले होते. फोनवर आकडा सांगितला आणि पुढचं बोलायच्या आत लाइन तुटली. दुसऱ्या दिवशी कळलं, बाबांनी मेहकरच्या बाजारात चार जणांना चहा पाजला होता. "पोरीले चारपैकी चार भेटले."

तिकडची गुणपद्धत आपल्या उलटी. १.० सर्वांत वर. आकडा वाढेल तसा विद्यार्थी घसरतो. ४.० ही पास होण्याची शेवटची पायरी आणि ५.० म्हणजे नापास. थोडक्यात, मी काठावर पास झाले होते. बाबांचा चहा वाया जाऊ नये म्हणून मी गप्प बसले. पण तो शब्द मनातून जाईना. त्या हिवाळी सत्रात मी जिथं जिथं उभी होते, तो सगळा काठच होता.

निघण्याआधीच त्याची सुरुवात झाली. व्हिसासाठी तिकडच्या बँकेत पैसे आधी भरून ठेवावे लागतात आणि ते खातं आपल्याला महिन्याला फक्त ९९२ युरो काढू देतं. हे ऐकून बाबा म्हणाले, "आपलाच पैसा अन् आपल्यालेच मोजून देणार? हे तं सासूच झाली बाप्पा." सोयाबीनचा पैसा सासूच्या हवाली करून मी ट्युबिंगेनला पोचले.

ट्युबिंगेनचं विद्यापीठ १४७७ सालचं. ग्रहांचे नियम मांडणारा केप्लर इथलाच विद्यार्थी. पहिल्या दिवशी मी दहाच्या ठोक्याला वर्गात हजर, वर्ग रिकामा. जर्मन माणूस घड्याळाचा पक्का, असं ऐकून गेलेली मी, इमारत चुकली म्हणून घाबरले. वेळापत्रकात दहाच्या पुढे दोन बारीक अक्षरं होती, सी.टी. त्यांचा अर्थ, तास सव्वादहाला सुरू. ही पंधरा मिनिटांची सवलत तिथं शतकांपासून रुळलेली आहे. तास संपला तेव्हा सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकं वाजवली. आमच्या शाळेत बाक वाजवलं की छडी मिळायची. तिथं ती टाळ्यांची जागा.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. एका सोमवारी माझ्या दाराला एक पाटी अडकवलेली दिसली: 'केअरवोखं'. जिना झाडायची या आठवड्याची पाळी माझी. झाडण्याला जर्मनमध्ये 'केअरन' म्हणतात, आणि आपल्याकडे झाडून निघतो तो केर. दोन शब्दांचं नातं असेल-नसेल, पण तिकडचा एवढा एकच शब्द मला पाठ करावा लागला नाही.

बाकी भाषेनं घाम फोडला. मी शिकून गेले होते पुस्तकी जर्मन. बाई बोलायच्या श्वाबियन बोली. शब्दांची शेपटं छाटलेली, उरलेल्यांना लाडानं 'ले' लावलेलं. मला हसू यायचं, कारण 'ले'वाचून आमचंही पान हलत नाही: तुले, मले, पोरीले. पुण्याला शिकायला गेले तेव्हा माझ्या वऱ्हाडीला लोक हसले होते आणि मी ती पिशवीत घालून ठेवली होती. इथं तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या सरकारनंच १९९९ पासून जाहिरात केली होती की, आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही! त्या रात्री घरी फोन केला तेव्हा किती दिवसांनी मी आईला म्हणाले, "माय, काय करून राह्यली?" पलीकडे क्षणभर शांतता. मग तिनं विचारलं, "बरी आहेस ना?"

फेब्रुवारीत आमच्या सरांनी सांगितलं, लोणारच्या विवराच्या बाजूची असशील तर इथलं रीसचं विवर पाहिल्याशिवाय जाऊ नकोस. म्हणून न्योर्डलिंगेनला गेले. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी तिथं एक अशनी आदळली आणि सुमारे २४ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. लोणारहून एसटीनं मेहकरला जावं, जवळपास तेवढी ही रुंदी. आत गावं, शेतं, रेल्वे, गोल तटबंदीचं एक आख्खं शहर. स्टेशनवर उतरून मी विवर शोधू लागले. दिसेना. दिसणार कसं? मी त्याच्या आतच उभी होते.

शहरातल्या सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्याला लोक प्रेमानं 'डानिएल' म्हणतात. साडेतीनशे पायऱ्या चढून गेले तेव्हा क्षितिजावर टेकड्यांची निळसर कड दिसली. तोच विवराचा काठ. ज्या दगडाचं ते चर्च बांधलंय, तोसुद्धा त्या आघातानंच घडवलेला. त्याचं नाव स्वेवाइट, श्वाबिया या प्रांतावरून पडलेलं. शतकानुशतकं लोकांनी त्या दगडाची घरं बांधली आणि तो ज्वालामुखीचा समजला. १९६०च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूवैज्ञानिकांना त्यात कोएसाइट सापडलं. हे खनिज प्रचंड दाबाशिवाय तयार होत नाही, आणि जमिनीच्या वरच्या थरात तेवढा दाब आणायला आकाशातूनच काहीतरी कोसळावं लागतं. १९७० साली अपोलो १४चे अंतराळवीर चंद्रावरचे दगड ओळखायची तालीम करायला याच परिसरात आले होते.

मनोऱ्यावर गार वारा होता आणि मला लोणार आठवत होतं. आमचं सरोवर १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नोंदवलं, असं पुस्तकं सांगतात. आमच्या आजीच्या हिशेबानं ते लवणासुराच्या वधापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तेही ज्वालामुखीचंच मानलं जायचं. १९७३ साली 'सायन्स'मधल्या लेखानं ते आघाताचं असल्याचे पुरावे मांडले. शाळेत आम्ही त्याचं वय पन्नास हजार वर्षं पाठ केलं. २०११ सालच्या अर्गॉन पद्धतीच्या मोजणीनं ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात नेलं. आणि गंमत अशी की चंद्रावर दिसणारे काळे डाग बेसॉल्टचे, लोणारही बेसॉल्टमधलं. तालीम तिकडे झाली, पण चंद्राच्या जातीचा दगड आमच्या बांधावर पडलेला असतो.

एवढं असून लोणार मी किती पाहिलं होतं? शाळेच्या सहलीत एकदा, काठावरून. "पुढं जाऊ नका" अशी बाईंची हाक, एक फोटो, डबे, परत. जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटरचं ते विवर एका नजरेत मावतं, म्हणूनच ते पाहून झालं असं वाटतं. न्योर्डलिंगेनचा माणूस आत राहतो. त्याला कळायचं तर चढावं लागतं. आम्ही काठावर राहतो. आम्हाला उतरावं लागतं.

जर्मनीचंही तेच. एका सत्रात मला जिना झाडता आला, बाक वाजवता आलं, घरमालकीणबाईंचं निम्मं बोलणं कळू लागलं आणि निघायची वेळ झाली. जर्मनी पाहिली असं म्हणायला जीभ रेटत नाही. काठावरून पाहिली, एवढंच खरं. मात्र तिथल्या मनोऱ्यावरून माझं स्वतःचं गाव आणि माझी बोली दिसली. ती मला इथं बसून दिसली नव्हती.

परत आल्यावर पहिल्या रविवारी बाबांना घेऊन लोणारला गेले. गोमुखाच्या गोड्या धारेवर पाय धुतले आणि झाडीतली पायवाट धरून आम्ही खाली उतरलो. खाली पाण्याला खाराचा वास, काठाशी कमळजेचं देऊळ. मान वर केली तर भोवती सगळीकडून कडा आणि वर गोल आकाश. बाबा आयुष्यभर तीस किलोमीटरवर राहिले. तेही पहिल्यांदाच खाली आले होते. मी त्यांना ४.०चा खरा अर्थ सांगितला. ते हसले. "मंग चहाचे पैसे तुह्याकडून."

लोणारला याल तेव्हा फोटो काढून काठावरून परत फिरू नका. हाताशी अर्धा दिवस ठेवा आणि खाली उतरा.