पाच सेकंद मागे

कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीत, डाव्या शिफ्टला लागून, पाच अक्षरं आहेत: झेड, एक्स, सी, व्ही, बी. विनॅम्प नावाच्या प्लेअरने या पाच अक्षरांना पाच कामं वाटून दिली होती. झेडने मागचं गाणं, एक्सने सुरू, सीने विराम, व्हीने बंद, बीने पुढचं. पडद्यावर ही बटणं ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने ती कीबोर्डवर आहेत, असं एका डोळस मैत्रिणीने मला सांगितलं. मी जन्मापासून अंध आहे. पण डाव्या हाताची बोटं त्या ओळीवर ठेवली की करंगळीपासून तर्जनीपर्यंत अख्खा प्लेअर हाताखाली यायचा. जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव्ह या दोघांनी १९९७ साली तो गाण्यांसाठी केला. मी त्यावर इतिहासाचं एम.ए. केलं.

डोळस माणूस वाचताना किती वेळा मागे जातो, हे त्याचं त्यालाही कळत नाही. एखादं नाव निसटलं, वाक्य लांबलं, की डोळे आपोआप मागच्या ओळीवर जाऊन येतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला थांबवावं लागत नाही. ब्रेलमध्येही तसंच आहे. बोट मागे न्यायचं, एवढंच. कानाने वाचणाऱ्याला मात्र मागे जायचं तर कुणाला तरी सांगावं लागतं. साताऱ्याला सुट्टीत घरी गेले की दादा मला पुस्तकं वाचून दाखवायचा. "दादा, ती शेवटची ओळ पुन्हा वाच ना." तो वाचायचा. दुसऱ्यांदा सांगितलं तरी वाचायचा, जरा भराभर. तिसऱ्यांदा मी सांगत नसे. त्याने कधी कपाळाला आठी घातली असेल तर ती मला दिसणार नव्हती; पण आवाजातली घाई ऐकू यायची आणि मी "हं, कळलं" म्हणायचे. न कळता म्हटलेलं ते "कळलं" आमच्यातल्या पुष्कळांच्या शिक्षणात आहे. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे ते मला नुसती सोय वाटत नाही.

शाळेत ब्रेल होतं. पुण्यात कॉलेजला आले तेव्हा त्या वर्गांची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती, आणि मग आल्या कॅसेटी. सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळ्या मुली त्यांना काकू म्हणायचो, दुपारी जेवणं आटोपली की टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन आमची पुस्तकं वाचून ठेवायच्या. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाचा आकडा सांगायचा हा त्यांचा नेम. "बाजू संपली, आता उलटव गं," हेही त्या सांगून ठेवायच्या. मागे कुकरची शिट्टी, जिन्यात कुणाच्या तरी चपला, खालून भाजीवाल्याची हाक.

टेपरेकॉर्डरवर मी पहिल्यांदा कुणालाही न विचारता "पुन्हा" म्हणू शकले. प्लेचं बटण दाबलेलं ठेवून मागे पळवायचं बटण अर्धवट दाबलं की आवाज चिरकत उलटा धावायचा. त्या चिरकण्यातल्या मोकळ्या जागा ऐकून परिच्छेद कुठे तुटतो ते ओळखता यायचं. झाकण उघडून दोन्ही बाजूंच्या फितीची जाडी बोटाने चाचपली की किती ऐकून झालं याचा अंदाज यायचा, कारण डोळसांसाठी असलेला आकड्यांचा काउंटर आम्हाला निरुपयोगी. प्रत्येक कॅसेटवर ब्रेलमध्ये टोचलेली चिठ्ठी चिकटवलेली. पण फीत ती फीत. तिसरं प्रकरण हवं असेल तर पहिली दोन पळवावीच लागायची, आणि मागे जाताना नेमकं कुठे थांबू याचा भरवसा नसायचा. हव्या त्या वाक्याच्या एकदा आधी, एकदा नंतर, अशा हेलकाव्यात संध्याकाळ जायची. पुरंदरचे तह दोन, एक १६६५चा आणि एक १७७६चा, सालबाईचा १७८२चा. वाचणारी व्यक्ती ही सालं एका श्वासात बोलून जाते. ती पकडायला मागे गेलं की भलत्याच मोहिमेत जाऊन पडायचं.

संगणक शिकले तो अंधांसाठीच्या एका वर्गात. तिथे जॉज नावाचा स्क्रीन रीडर होता, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा. माउस आम्हाला हातात दिलाच नाही, आणि ते योग्यच होतं. जो बाण दिसत नाही तो हलवून काय करणार? एफ आणि जे या अक्षरांवरच्या उंचवट्यांवर तर्जन्या टेकवायच्या आणि तिथून सगळं जग मोजायचं. पहिली गोष्ट शिकले ती कंट्रोलची की: ती दाबली की बोलणारा स्क्रीन रीडर गप्प होतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आमच्या कानात एकाच वेळी दोघं बोलत असतात, पुस्तक आणि यंत्र. कुणाला कधी गप्प करायचं हे आलं नाही तर दोन्ही हातचे जातात.

मग विनॅम्प. उजवा बाण दाबला की पाच सेकंद पुढे, डावा दाबला की पाच सेकंद मागे. पाच सेकंद हे माप कुणी कसं ठरवलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सावकाश वाचलेलं मराठीतलं एक मध्यम वाक्य साधारण तेवढ्या वेळात बसतं. डावा बाण एकदा दाबला की शेवटचं वाक्य पुन्हा. दोनदा दाबला की त्याच्या आधीचं. ना चिरकणं, ना अंदाज. ध्वनिमुद्रित नोट्समधलं ते तहांचं पान मी एका रात्री होस्टेलच्या संगणकावर मनाचं समाधान होईपर्यंत ऐकलं. यंत्राच्या आवाजात घाई येत नाही. कितव्यांदा विचारते आहेस, असं ते कधीच म्हणत नाही.

हे कसं जमतं ते नंतर समजून घेतलं, आणि समजल्यावर आनंद वाढला. फितीवर आवाज एका लांब रेषेत पसरलेला असतो. पोचायचं तर वाट तुडवावीच लागते. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत ज्याच्यावर मोठं काम झालं, त्या एमपी३ फाईलमध्ये आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत कापून ठेवलेला असतो, एकेक तुकडा सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढा. प्लेअर थेट हव्या त्या तुकड्यावर उतरतो, मधलं काही ऐकवत नाही. शिवाय मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज माणसाच्या कानाला तसेही कळत नाहीत, म्हणून ते गाळून फाईल लहान केलेली असते. गाणं नीट ठेवायला मिनिटाला एक एमबीच्या आसपास जागा लागते. नुसतं बोलणं असेल तर त्याच्या पावपटीतही भागतं. म्हणजे एका सीडीवर जवळजवळ दोन दिवस नि दोन रात्री चालेल एवढं वाचन. कॅसेटींनी भरलेली माझी पत्र्याची ट्रंक एका पाकिटात मावली असती.

जेचं अक्षर दाबलं की नाव टाइप करून थेट ती फाईल. कंट्रोल धरून जे दाबलं की मिनिट-सेकंद लिहून थेट ती जागा. कंट्रोल धरून व्ही दाबलं तर चालू फाईल संपल्यावर प्लेअर आपोआप थांबायचा, त्यामुळे झोप लागली तरी पुस्तक माझ्याशिवाय पुढे जात नसे.

नंतर व्हीएलसी आला आणि त्याने वेग हातात दिला. चौकोनी कंसाच्या एका कीने वेग वाढतो, दुसरीने कमी होतो, बरोबरच्या चिन्हाने पूर्ववत होतो. टेपचा वेग वाढवला की आवाज पातळ होऊन उंदरासारखा व्हायचा. इथे सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून त्यांतले काही वगळतं, उरलेले एकमेकांवर चढवून जोडतं, आणि वाचणाऱ्याची पट्टी तीच राहते. काकूंचा आवाज दीडपट वेगात ऐकला तरी तो काकूंचाच असतो. डोळस माणूस पान चाळतो, ओझरतं वाचतो, म्हणतात. ओझरतं ऐकणं काय असतं ते मला तिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

पण फाईल म्हणजे पुस्तक नव्हे. दहा तासांच्या ध्वनिमुद्रणात चौथं प्रकरण कुठे आहे हे पाच-पाच सेकंदांच्या उड्यांनी सापडत नाही. ते काम डेझी पुस्तकांनी केलं. डेझी या पद्धतीत आवाजाबरोबर मथळे, उपमथळे, पानांचे आकडे असा सांगाडा बांधलेला असतो. एका कीने पुढच्या प्रकरणावर, दुसरीने पुढच्या पानावर. भारतात २०१२च्या कायदादुरुस्तीने अशी पुस्तकं करायला लेखकाच्या वेगळ्या परवानगीची गरज उरली नाही. २०१३ साली माराकेशला यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. वर्तमानपत्रांत ही बातमी फार मोठी आली नाही. आमच्याकडे त्या दिवशी फोन थांबत नव्हते.

दुसरी तेवढीच मोठी गोष्ट म्हणजे एनव्हीडीए. जॉज विकत घेणं आमच्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६मध्ये फुकट स्क्रीन रीडर लिहायला घेतला, जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र पुढे त्यात आला. खेड्यातल्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो.

या साऱ्यामुळेच मला एका गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. अलीकडे पुष्कळ ठिकाणी ध्वनिफिती ब्राउझरमध्येच वाजतात. यूट्यूबवर के दाबलं की विराम, जे आणि एलने दहा सेकंद मागे-पुढे, तिथे निभतं. पण कित्येक प्लेअर असे असतात की टॅब दाबत गेलं की स्क्रीन रीडर फक्त "बटण, बटण, बटण" म्हणतो. कशाचं बटण? करणाऱ्याने त्यावर सुंदर त्रिकोण काढलेला असेल, त्याला नाव दिलेलं नसतं. नाव द्यायला एक ओळ पुरते. काही ठिकाणी तर टॅब तिथे पोचतच नाही, तिथे माउसच हवा. आवाजाची वस्तू, आणि ऐकणाऱ्यालाच दार बंद!

सध्या काकूंच्या कॅसेटी संगणकावर उतरवते आहे. टेपची वायर संगणकाला जोडायची आणि ऑडॅसिटीत ध्वनिमुद्रण सुरू करायचं. काकू पानाचा आकडा बोलल्या की कंट्रोल-एम दाबून तिथे खूण करते, आकडा लिहिते. मदतीला येणारी मुलं म्हणतात, मागचा गोंगाट काढून टाकू या, त्याची सोय आहे. मी फक्त फितीची खरखर कमी करते. भाजीवाला ठेवला आहे. पुरंदरचा दुसरा तह त्याच्या हाकेनंतर लगेच येतो, आणि ते साल मला त्या हाकेमुळेच कायमचं पाठ झालं.

अधूनमधून अंध विद्यार्थ्यांचे वर्ग घेते. पहिल्या तासाला फाईल उघडणं, साठवणं यातलं काही घेत नाही. आधी मागे जायला शिकवते, मनात येईल तितक्या वेळा. स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी परभणीची एक मुलगी आहे, यंत्राचा आवाज ती इतक्या वेगाने ऐकते की मला त्यातला शब्दही लागत नाही. परवा व्हीएलसी शिकवताना तिने मला मधेच थांबवलं. "ताई, नाव तेवढं चुकलं असेल तर एवढं मागं कशाला जायचं? शिफ्ट धरून डावा बाण दाबा. तीनच सेकंद जातंय." करून पाहिलं, खरंच तीन सेकंद होते. आता नावासाठी शिफ्ट, परिच्छेदासाठी ऑल्टचे दहा सेकंद, आणि भाषणात वक्ता भरकटला तर कंट्रोल धरून एक मिनिट पुढे.