डावं-उजवं करणारा गडी

इन्फ्रास्कॅनर हे त्याचं पाळण्यातलं नाव. पंजात मावेल एवढा देह आणि स्वभावानं पक्का एकमार्गी. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या कवटीला तो टेकतो, पण शुद्ध आहे का, काय आठवतंय, असल्या चौकशा त्याच्या खात्यात येत नाहीत. कपाळाच्या डाव्या बाजूला सोडलेला उजेड जेवढा परत आला, तेवढाच उजव्या बाजूनंही आला का, एवढंच तो बघतो. कपाळ झालं की कानशिलं, मग टाळूच्या दोन्ही बाजू, शेवटी डोक्याची मागची बाजू. आठ जागा, दोन-तीन मिनिटांचं काम. कुठल्या जोडीत फरक पडला की याला आत रक्त साचल्याचा संशय येतो.

उजेड सोडतो तो डोळ्यांना न दिसणारा, लालच्या जरा पलीकडचा, 808 नॅनोमीटरचा. तो चामडी आणि हाड ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जातो आणि चार सेंटिमीटरवरच्या संवेदकाकडं वळून येतो. वाटेत रक्त साचलेलं असेल तर तिथलं हिमोग्लोबिन तो पिऊन टाकतं. रक्तवाहिन्यांतून वाहणारं रक्त मेंदूच्या मांसात विखुरलेलं असतं. साचलेल्या रक्ताची गाठ म्हणजे निव्वळ रक्तच, तिथं हिमोग्लोबिन दसपटीच्या घरात. म्हणून त्या बाजूनं उजेड कमी येतो.

हाडातून उजेड जातो हे कळलं ते एका जेवणाच्या टेबलावर. फ्रान्स योब्सिस नावाच्या शास्त्रज्ञाच्या मुलानं ताटातलं खांद्याचं पातळ हाड दिव्यासमोर धरलं आणि त्यातून लाल उजेड पलीकडं दिसला. 1977 साली योब्सिसनं याच वाटेनं मेंदूतला प्राणवायू मोजता येतो, असं ‘सायन्स’मध्ये छापलं. पुढं फिलाडेल्फियात ब्रिटन चान्स यांनी ही विद्या वाढवली, आणि रणांगणावर जखमी सैनिकाचं डोकं तपासता यावं म्हणून अमेरिकी नौदलानं त्यात पैसा घातला. 2011च्या डिसेंबरात तिथल्या औषध प्रशासनानं इन्फ्रास्कॅनरला परवानगी दिली. कोविडात घराघरांत बोटाला लावलेला ऑक्सिमीटर याच भावकीतला, फक्त तो मोठ्या मनाचा निघाला आणि स्वस्त झाला.

आपल्याकडं रणांगण निराळं आहे. उसाचा हंगाम लागला की सांगली जिल्ह्यात वाळवा-पलूसच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात मोटरसायकल थेट त्यात जाते. हेल्मेट घरी खुंटीला. पोरगं उठून बसतं, कपडे झटकतं, कुणीतरी दिलेला चहाही पितं. “काय न्हाई झालं, निस्तं टेंगूळ आलंय,” म्हणत मंडळी त्याला घरी नेतात. कवटीच्या आत हाड आणि आवरण यांच्यामध्ये धमनी फुटली असेल, तर हे बोलणं-चालणं तास-दोन तासांचं असतं. मग डोकं ठणकतं, उलटी होते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. आणि तोंडाला दारूचा वास असेल तर विचारूच नका. “झोपू द्या, उतरल्यावर बघू.” आपल्या गड्याला नाक नाही, ही मला त्याची सर्वांत मोठी लायकी वाटते.

वेळेचं गणित क्रूर आहे. 1981 साली अमेरिकेत मेंदूच्या आवरणाखाली ताजा रक्तस्राव झालेल्या 82 रुग्णांचा अभ्यास छापून आला. चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत 30 टक्के दगावले, उशीर झालेल्यांत 90 टक्के. आता जत किंवा आटपाडीवरून मिरज धरा, ऐंशी-नव्वद किलोमीटर. 1894मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी दवाखाना उघडल्यापासून मिरज हे इलाजाचं गाव. सीटी स्कॅन तिथं आहे, डोकं उघडणारे हातही आहेत. माझ्या मते मिरजेत या गड्याचं काहीच काम नाही. त्यानं बसावं जतच्या बाजूला, आरोग्य केंद्राच्या टेबलावर किंवा 108च्या गाडीत. कुणाला आत्ता, याच मिनिटाला पुढं धाडायचं, एवढा कौल तिथं द्यावा.

कौल मात्र पारखून घ्यावा, कारण याची खोड मोठी आहे. दोन्ही बाजूंना सारखंच रक्त साचलं तर याला फरक दिसत नाही आणि हा गप्प बसतो. अडीच सेंटिमीटरच्या खाली याची नजर पोचत नाही. बाहेरच्या टेंगळातल्या रक्तालाही हा फसतो. 2010 सालच्या मोठ्या चाचणीत मोठ्या आणि वरच्या गाठी यानं 88 टक्के पकडल्या, पण लहान-मोठ्या, वरच्या-खोल सगळ्या मोजल्या तर 68.7 टक्केच. म्हणजे दहातल्या तीन सुटल्या. जाहिरातीत पहिला आकडा ठळक छापतील, दुसरा विचारून घ्यावा लागेल.

यंत्र घडवणाऱ्यांना खरा घाम फोडतात ते केस. काळा, दाट, तेल चोपडलेला केस उजेड मध्येच गिळतो, आणि एका बाजूला केस जास्त दाबला गेला तर रक्त नसताना फरक दिसतो. म्हणून उजेड नेणाऱ्या काड्या फणीच्या दातांसारख्या करून केसांतून थेट चामडीपर्यंत पोचवाव्या लागतात. आपल्या देशात अहमदाबादच्या बायोस्कॅन रिसर्चनं आयसीएमआर, भोपाळचं एम्स आणि बंगळुरूचं निमहान्स यांच्या साथीनं ‘सेरेबो’ नावाचा याचा भाऊबंद उभा केलाय. इथल्याच डोक्यांवर शिकलेलं यंत्र इथल्या केसांना आणि सावळ्या कातडीला बिचकणार नाही, अशी आशा ठेवायला जागा आहे.

तोवर खिशातला टॉर्च काढून ठेवू नये. डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, हे मोजायची ग्लासगोची रीत 1974पासून आहे, गुण 3 ते 15, आणि तिला बॅटरी लागत नाही. गड्यानं संशय दाखवला नाही, तरी त्या पोराला केंद्रातच ठेवायचं, दर तासाला उठवून नाव-गाव विचारायचं, टॉर्चनं बाहुल्या बघायच्या. एक गुण जरी घसरला तरी पुन्हा यंत्र लावत बसायचं नाही, मिरजेची गाडी काढायची.