कमरेची दोरी

मिस्साबली अर्पण करण्यापूर्वी धर्मगुरू शुभ्र झग्यावर कमरेला एक दोरी बांधतो. ती बांधताना संयमाची आणि शुचितेची याचना करणारी प्रार्थना म्हणावी, अशी जुनी प्रथा आहे. सेमिनरीत आम्ही ती पाठ केली होती. गुरुदीक्षेच्या वर्षी माझ्या दोरीची दोन्ही टोके गुडघ्याखाली लोंबत असत. अलीकडे ती मांडीच्या मध्यावरच थांबू लागली. "दोरी धुण्यात आटली वाटते," असे मी एकदा सॅक्रिस्टीत म्हणालो. वेदीसेवा करणारी दोन मुले एकमेकांकडे पाहून हसली आणि तिसऱ्याने गंभीरपणे मेणबत्त्या उचलल्या. तेव्हाच मला समजायला हवे होते.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला थोडे पोट असायचेच, असे आपण धरून चालतो. आपल्याकडे त्याला सुखवस्तूपणाचे लक्षण मानण्याचीही रीत आहे. माझे हातपाय बारीक, वजन एकाहत्तर किलो, उंची पाच फूट सात इंच. मला कोणी लठ्ठ म्हणाले नव्हते. परंतु तपासणीसाठी गेलो असता डॉक्टरांनी वजनकाट्याकडे फारसे लक्ष न देता टेप काढली. कंबर एकशे एक सेंटिमीटर भरली. पुढे सोनोग्राफीत यकृतावर चरबी साचलेली दिसली आणि रक्तातील साखर मर्यादेच्या उंबरठ्यावर आढळली. डॉक्टर म्हणाले, "फादर, वजनकाटा आपल्याला पाठीशी घालतो. टेप घालत नाही."

त्या वाक्याने मला एका घराची आठवण झाली. मनीषनगरातील त्या घरी मी कितीतरी वर्षे जात आलो आहे. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मुलगा आमच्या गायनवृंदात गात असे. अंगाने सडपातळ, दंड काटकुळे, पण सदऱ्याची खालची दोन बटणे नेहमी ताणलेली. मी त्याची थट्टाही केली होती. दोन वर्षांपूर्वी आगमनकाळात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो हृदयविकाराने गेला. मधुमेह आहे हे त्याला इस्पितळात दाखल झाल्यावर कळले. रुग्णाभ्यंगाचे तेल मीच त्याच्या कपाळाला लावले. "अंगाने इतका हलका माणूस, त्याला असे कसे झाले?" हा प्रश्न दफनविधीच्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी होता. माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

ते उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या ठायी ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या ठायी २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी धावत ती गाठणे, असा विनोदही त्यांनी स्वतःवर करून घेतला आहे.

याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साऊदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी. त्यांचे स्नायू कमी, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी मातांनी जणू पुढील दुष्काळासाठी गाठीला बांधून दिलेली ती शिदोरी होती. दुष्काळ आला नाही; साखर, मैदा आणि खुर्ची आली. चरबी साठवण्याची त्वचेखालची जागा आपल्याकडे लवकर भरते आणि उरलेली पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. आतड्यांभोवतीच्या या चरबीतील स्निग्धाम्ले शिरेवाटे थेट यकृतात उतरतात. मग इन्शुलिनचे काम बिघडते, रक्तातील साखर व चरबी वाढते आणि हृदयावर भार येतो. म्हणून बारीक दंडाचा, पण पोट सुटलेला माणूस सुरक्षित नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांचे पोट सुटलेले आढळले.

आता आहाराचा विचार करू. पुनरुत्थान सणानंतर मी घरे आशीर्वादित करण्यासाठी फिरतो. स्कूटरने निघावे, लिफ्टने वर जावे, खुर्चीत बसावे. एका संध्याकाळी आठ घरे होतात. प्रत्येक घरी चहा, त्यात दोन चमचे साखर. त्या संध्याकाळचा हिशेब मी प्रथमच कागदावर मांडला. सोळा चमचे, म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास साखर. वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. बशीतील केक, खारी आणि नानकटाई मी अजून मोजलीच नव्हती.

साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज असतो, अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज सारे शरीर वापरते. फ्रुक्टोजचा बहुतेक भार मात्र यकृतावर पडतो आणि तो वारंवार व अतिरिक्त आला की यकृत त्याची चरबी करू लागते. मैदा आणि पांढरा भातही लवकर पचून साखरेचेच रूप घेतात. मद्याचेही तसेच, बारशाला आणि लग्नाला 'थोडीशी' म्हणून घेतलेली दारू यकृताच्या वहीत नोंदली जाते. तेलातुपातही भेद आहे. स्वीडनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३९ तरुण माणसांना सात आठवडे रोजच्या जेवणावर मफिन खायला दिले. काहींना पामतेलाचे, काहींना सूर्यफूल तेलाचे. वजन दोन्ही गटांचे सारखेच वाढले, पण पामतेलवाल्यांच्या पोटात आणि यकृतात चरबी अधिक साचली. बेकरीच्या बशीकडे मी तेव्हापासून थोडा सावधपणे पाहतो.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. सात मुख्य पापांतील खादाडपणावर मी प्रवचने केली आहेत. राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी उपास करण्याचा धर्मसभेचा नियम मी दरवर्षी वेदीवरून वाचून दाखवतो. तोच नियम मी कसा पाळला? शुक्रवारी मांस वर्ज्य केले आणि त्याऐवजी बटाट्याची भजी, तर्रीत बुडवलेला आलूबोंडा आणि वर गोड चहा घेतला. अक्षर पाळले, अर्थ सोडला. आणि तरीही मला प्रामाणिकपणे वाटते की आमच्या घरांतील पोटे खादाडपणाने वाढलेली नाहीत. ती बहुतांशी प्रेमाने वाढलेली आहेत. पाप म्हणून त्यांचा धिक्कार करणे सोपे आहे. प्रेमाला वळण लावणे अवघड.

हे मला आजींनी शिकवले. मुलाच्या मृत्यूनंतरच्या पुनरुत्थानकाळात मी त्यांच्या घरी गेलो. घरावर तीर्थ शिंपडले, भिंतीवरच्या फोटोपुढे प्रार्थना केली. आजींनी स्वतः उठून चहा केला. त्यांच्या लहानपणी साखर रेशनवर मिळे आणि घरात कोणी नवा माणूस आला तरच डबा उघडे. म्हणून त्या माझ्या कपात नेहमी तीन चमचे घालत. समोर येईल ते खावे, अशी शिकवण प्रभूने बाहत्तर शिष्यांना पाठवताना दिली होती. तिचा आधार घेऊन मी तो चहा प्यालो आणि काही न बोलता निघालो. जिन्यात उतरताना मला माझी लाज वाटली. मी आजींचे मन राखले होते की स्वतःची गैरसोय टाळली होती?

आठ दिवसांनी परत गेलो. या वेळी कप हातात घेण्याआधीच म्हणालो, "आजी, मला साखर चालत नाही. माझ्या यकृतावर चरबी साचली आहे." मग जे वाचले होते ते जमेल तसे सांगितले. बारीक माणसाच्या पोटाविषयीही सांगितले. आजी पुष्कळ वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत, फादर? त्याच्या ताटात साखरपोळी मीच वाढायची."

मला आधी ठाऊक नव्हते, हे खरे होते. पण ते उत्तर पुरेसे नव्हते. मी म्हणालो, "तुम्ही प्रेम वाढलंत, आजी. त्याचा दोष तुमचा नाही." त्यांचे समाधान झाले की नाही, मला सांगता येणार नाही. त्या आत गेल्या आणि एक संत्रे घेऊन आल्या. शेवटच्या बहाराचे, थोडे सुरकुतलेले. त्यांनी ते सोलले, अर्धे मला दिले आणि अर्धे नातवाला. एका पेला रसासाठी तीन-चार संत्री पिळावी लागतात आणि चोथा टाकून द्यावा लागतो. अख्खे फळ मात्र एकच पुरते आणि त्यातील तंतू साखरेला सावकाश रक्तात उतरू देतात. हे व्याख्यान मी त्या वेळी दिले नाही. फोडी खाल्ल्या.

त्यानंतर आमच्या धर्मग्रामात थोडे बदल झाले. रविवारच्या मिस्सानंतर चहा बिनसाखरेचा मिळतो. साखरेचे भांडे बाजूला असते, ज्याला हवी त्याने घ्यावी. समोश्यांच्या जागी उकडलेले चणे आले. पहिल्या रविवारी कुरकुर झाली, दुसऱ्या रविवारी चणे संपले. मी स्वतः रात्रीचा भात अर्धा केला, ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी आणि ताक यांकडे वळलो आणि रेल्वेमार्गाच्या अलीकडची घरे पायी करू लागलो. वर्षभरात कंबर सात सेंटिमीटर उतरली. पोटाच्या आतली चरबी हट्टी वाटते, पण आहार सुधारला आणि पाय चालू लागले की तीच आधी हलते, असे डॉक्टर सांगतात. पोटाचे व्यायाम करून केवळ पोट उतरवता येत नाही.

आपल्या घरी टेप नसेल तर एक दोरी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपली उंची तिने मोजा, तेवढीच कापा आणि मधोमध दुमडा. ती दुमडलेली दोरी बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, कमरेभोवती फिरवा. टोके सहज जुळली तर देवाचे आभार माना. न जुळली तर डॉक्टरांना भेटा. भारतीय पुरुषांसाठी नव्वद आणि स्त्रियांसाठी ऐंशी सेंटिमीटर ही मर्यादा वैद्यकशास्त्राने घातली आहे. माझी कंबर अजून तिच्या पलीकडेच आहे, म्हणून हा उपदेश वरच्या पायरीवरून केलेला नाही.

शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौलाने करिंथकरांना लिहिले. मंदिराची डागडुजी स्वयंपाकघरातून सुरू होते, हे मला फार उशिरा कळले. पुढच्या वेळी मी आपल्या घरी आलो तर चहाचे आधण ठेवू नका. एक संत्रे सोला. अर्धे मला द्या, आणि उरलेले अर्धे आपल्या घरातल्या त्या बारीक दंडाच्या माणसाला, ज्याच्या सदऱ्याची खालची बटणे ताणलेली आहेत.